तब्येत कशी आहे?

शिवकन्या डॉक्टरांनी मोबाइल स्पीकरवर टाकला आणि भिवराबाईच्या तोंडापुढे धरला. बीडहून मंजुरी देणारे साहेब बोलत होते.

“काय बाई, तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत हाय, साहेब! कायबी तरास न्हाई.”

“मग पिशवी कशाला काढता?” असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. भिवराबाईच्या गर्भपिशवीत गाठ होती. अंगावरून इतकं जात होतं की ओठ पांढरे पडले होते. पण कोणीतरी पैशासाठी ऊसतोड बायकांच्या धडधाकट पिशव्या काढल्या, आणि तेव्हापासून असल्या प्रत्येक ऑपरेशनला बीडची परवानगी सक्तीची झाली. सरकारी योजनेतून तर हे ऑपरेशन खासगी दवाखान्यात होतच नाही; पाटोद्यातल्या या डॉक्टरीणबाई ते नुसत्या औषधांच्या खर्चात करणार होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! बरं, नियम वाईट म्हणावा तर तसंही नाही. ऐन पंचविशीत पिशवी गेलेल्या पोरी त्यांनीच तपासल्या होत्या. चिडायचं तरी कोणावर? चिडून चिडून त्या थकल्या होत्या.

“असं कावून सांगितलंत हो?”

“बाई, दर साली मुकादम इचारतो. दुसरं उत्तर तोंडात येतच न्हाई.”

खरंच होतं ते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको आजारी निघाली की मुकादम तो कोयता कारखान्यावर नेत नाही. यंदा पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, गावात राहून खायचं काय? पोळा नुकताच झाला होता. ऑपरेशन आत्ता झालं, तर दिवाळीनंतर ट्रक निघेपर्यंत भिवराबाई उभी राहणार होती.

डॉक्टरांनी साहेबांच्या हातापाया पडून पुन्हा फोन करायला लावलं. तोवर भिवराबाईची उजळणी घेतली.

“लई रगत जातंय. चक्कर येती. काम व्हत न्हाई,” ती लाजत म्हणाली.

“शाब्बास! अस्संच सांगायचं.”

तेवढ्यात तिचा नवरा त्रिंबक आत आला आणि आपला मोबाइल त्यानं तिच्या कानाला लावला.

“भिवरा, तब्येत कशी हाय गं?” पलीकडून विचारलं.

“लई रगत जातंय, साहेब. चक्कर येती. काम व्हत न्हाई.”

पलीकडून फोन बंद झाला.

“अगं येडे, मुकादम हुता त्यो!” त्रिंबक ओरडला.

भिवराबाई उठलीच. पदर खोचला, चपला शोधल्या.

“थांबा, बीडचा फोन येईल आता!”

“तुमचा साहेब थांबंल, बाई. मुकादम थांबत न्हाई.”

ती दारात पोचली आणि डॉक्टरांचा मोबाइल वाजला.

“मॅडम, तुमचे कागद पुन्हा बघितले. फोन द्या त्या बाईंना. त्या हो म्हणाल्या की मंजूर करतो.”

डॉक्टर मोबाइल घेऊन दारापर्यंत धावल्या. भिवराबाई रस्त्यानं ताठ मानेनं, झपाझपा चालली होती. त्रिंबक मागून पळत होता.

“हॅलो? पेशंट कुठंय?”

“ती बरी आहे, हे सांगायला गेलीय, सर.”