खडूने आखलेली गाठ

मी खडू बोलतोय. आधीच हात जोडतो. हात नाहीत, तरी जोडतो! माझ्या शुद्धलेखनाला हसू नका, आणि शब्द साधे आहेत म्हणून कंटाळू नका. माझी शाळा पहिल्याच आठवड्यात सुटली. मी पेटीतून घरंगळलो, आणि गणवेश पोचवायला आलेल्या शिंप्याने मला उचलून कानावर ठेवलं. शिंप्यालाही लोक मास्तरच म्हणतात, म्हणजे मी एका मास्तरांकडून सुटून दुसऱ्यांच्या हाती लागलो.

तेव्हापासून मी फक्त रेघा ओढल्या. पण मास्तर माझ्या रेघेवर कधी कापत नाहीत. बाहेर दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात. त्याला माया म्हणतात. "माणूस सुटतोच," असं त्यांचं म्हणणं.

काज-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायको, मास्तरीणबाईही, सुटू लागल्या, पण नुसत्या पोटाजवळ. दोन घासांत पोट गच्च व्हायचं. मास्तर त्यांच्या कपड्यांची माया उसवत गेले, आणि एक दिवस माया संपली. मग दवाखाना झाला. लिव्हरमध्ये गाठ निघाली, रक्तवाहिन्यांची, नारळाएवढी. कॅन्सर नव्हता. ऑपरेशनला हो म्हणायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दाखल व्हायचं होतं.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "अहो, डॉक्टर काय काय म्हणाले? 'गाठ' म्हटल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही."

मास्तरांनी काळं कापड पसरलं आणि मला उचललं. मी लिव्हर काढलं! जरा उशीसारखं झालं, पण काढलं.

"त्रास नसता तर नुसती नजर ठेवली असती. तुला त्रास आहे. बारीक नळी घालून गाठीचं रक्त अडवता येतं, पण एवढी मोठी त्याने पुरेशी आटेलच असं नाही. नाहीतर लिव्हरचा तेवढा भागच काढायचा, उरलेलं वाढून भरून येतं. पण तुझी गाठ तेवढी सोडवून काढता येईल, म्हणाले."

मी गोल गाठ आखली. मग मास्तरांनी तिच्याभोवती मला पुन्हा फिरवलं, दोन बोटं बाहेरून. अर्धी उशी गेली.

बाईंचा चेहरा पडला. "एवढं काढणार? मी नाही जायची उद्या."

मग त्या वाकून बघायला लागल्या. "अहो, ही बाहेरची रेघ डॉक्टरांची की तुमची?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "माझी! सवयीने गेली. कॅन्सर असता तर भोवतालचं चांगलंही काढावं लागलं असतं. हिला स्वतःचा काठ आहे, काठाकाठाने सुटते. रक्त जायचा धोका आहे, ते डॉक्टरांनी लपवलं नाही."

"म्हणजे कापायचं नाही, उसवायचं!"

"तसंच म्हण."

"मग आधी सांगायचं ना! जन्मभर तुमच्या चुकाच उसवत आलेय मी."

दोघं इतके हसले की टेबलावरची कात्री खाली पडली. बाहेरची रेघ बाईंनी तळहाताने पुसून टाकली. मीच पुसला गेलो, पण गुदगुल्या झाल्या!

आता मी नखाएवढा उरलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बाईंनी मला चिमटीत धरलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अक्षरं लिहिली. दुकानाच्या दारावर, ठळक: "दुकान बंद. मास्तरीणबाई उसवून घ्यायला गेल्या आहेत."

काही चुकलं असेल तर असू द्या. त्या परत येईपर्यंत कुणी पुसू नका.