गारठलेला हात

भाकरी थापताना माझी बोटं बधिर व्हायला लागली, तसं ह्यांनी मला मोहोळहून सोलापूरला आणलं. सोनोग्राफीत मनगटातली नस सुजलेली दिसली. आता विजेचे बारके झटके देऊन ती नस किती काम करते, ते बघायचं व्हतं. पण एसीनं हात पार गारठला.

"गार हातावर तपासणी चुकते," डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या. "जरा हातात धरून ऊब द्या."

उभ्या जन्मात चारचौघांत ह्यांनी माझा हात धरला न्हाय. आज धरला, तोबी दाराकडं बघत! असला संताप आला मला.

"झाला गरम. सोडा आता," बाई म्हणाल्या.

"बाई, दुसराबी लई गार हाय की," मी म्हटलं.

दुसरा तर मगापासून पदराखाली चांगला उबदार व्हता.