रुताच्या खड्ड्यातलं तिसरं रोप

मार्चच्या उधाणात समुद्र रस्ता ओलांडून आला आणि रुताच्या बाबाईच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं. बाबाई म्हणजे आमच्या बेटावरचा पुरुषभर उंचीचा अळू. जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणून तो लावतात, आणि कंद पंगतीला वाढण्याजोगा व्हायला वर्षं जातात. रुताची बारा रोपं होती. एप्रिलअखेर चार गेली, उरलेल्या आठांची पानं कडेने पिवळी पडली. डिसेंबरात तिच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. त्या दिवशी पाहुण्यांपुढे घरची बाबाई ठेवता आली नाही, तर त्या घराला गावात पुन्हा मान वर करता येत नाही.

शेजारच्या अरोइताचा खड्डा जरा उंचावर, म्हणून वाचला. शिवाय खारावलेली रोपं जगवायची विद्या तिला आईकडून आलेली होती: कोणत्या झाडांचा पाला, किती दिवस वाळवायचा, रोपाभोवतीच्या बिनबुडाच्या टोपलीत कोणत्या क्रमाने भरायचा. अशी विद्या घराबाहेर जात नाही. रुताने मागितली असती तर मात्र अरोइताला द्यावीच लागली असती, कारण आमच्याकडे तोंडावर घातलेलं मागणं कुणी मोडत नाही. पण मागणारा लहान होतो, आणि कोणाचा कंद मोठा यावरून दोघींत वीस वर्षं टोमण्यांपलीकडे बोलणं नव्हतं. रुता मागणार नव्हती.

अरोइताने ठरवलं, रुताची रोपं जगवायची. धाकटा भाऊ तोआबो हसला.

"फुकट कोण देतं, ताई? ती जन्मभर तुझ्यापुढे मान खाली घालून चालेल. तुला तेच हवंय."

अरोइताने दोन दिवस यावर विचार केला. त्यात तिला खोटं काही सापडलं नाही. मग देणाऱ्याचं नावच कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

रविवारी गाव चर्चमध्ये असताना ती रुताच्या खड्ड्यात उतरली आणि आठही टोपल्यांत पहिला थर भरून आली. दुपारी रुताला तो काळा चुरा दिसला. करणी करणारे दुसऱ्याच्या बाबाईत असाच पाला टाकतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिने सगळा उपसला, किनाऱ्यावर नेऊन जाळला आणि उभ्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या घातल्या. उपसताना एका रोपाची मुळं तुटली. सात उरली.

झालं का समाधान, असं तोआबोने विचारलं. अरोइता उठून रुताच्या अंगणात गेली. रुताच्या सुना चटई विणत होत्या. त्यांच्यादेखत तिने मागणं घातलं: तुझ्या खड्ड्यातलं तिसरं रोप मला दे.

रुता उभी राहिली.

"बुडत्याची होडी मागायला आलीस होय, बाई? घे. भरू दे तुझं पोट."

रोप अरोइताचं झालं, आणि त्याच्या मशागतीसाठी रोज खड्ड्यात उतरायचा हक्कही तिला मिळाला. रुता वर नारळाखाली बसलेली असतानाच ती यायची. पानं घरून चुरून आणायची नाही. चटईवर अख्खी पसरायची, मग एकेक चुरायची, आणि थर भरताना मोठ्याने मोजायची. पाचव्या दिवशी रुताच्या हातात तीच पानं होती. आपल्या सहा रोपांच्या टोपल्या ती त्याच क्रमाने भरू लागली. जुलैत तिसऱ्या रोपाला नवं पान फुटलं, पाठोपाठ इतरांनाही.

गावात मात्र अरोइताचं नाव खराब झालं. विहिरीवर बायका तिला पाहून पाठ फिरवू लागल्या. तोआबोला ते सोसेना. आता तरी सांगून टाक, म्हणाला.

"सांगितलं की मोठेपणा माझाच."

"आणि मनातून बरं वाटतं, त्याचं काय?"

"वाटतं. ते थांबवायचा उपाय सापडला नाही. तेवढ्यासाठी रोपं मरू देऊ?"

ऑक्टोबरात वाढदिवसाची आखणी करायला सगळे सभाघरात जमले. पाहुणे किती, डुकरं किती, असं चाललं असताना कुणीतरी म्हणालं, अरोइताला लांब बसवा, नाहीतर ती नातही मागेल. लोक हसले. रुता उठली.

"अरोइता, माझं तिसरं रोप मला परत दे. मागते मी." मग ती लोकांकडे वळली. "माझी रोपं जगली ती हिच्या पाल्यावर. करणी म्हणून जाळला, तोही हिचाच होता."

हसणारे खाली बघू लागले. अरोइता "घे" म्हणाली. मी समोरच बसलो होतो, पण तिचा चेहरा आनंदाचा होता की रागाचा, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाल्याची टोपली घेऊन निघाली. तोआबो वाटेत आडवा आला.

"आता तिथे तुझं काय आहे? रोप गेलं, लपवायचंही काही उरलं नाही."

"शेवटचा थर राहिलाय," ती म्हणाली. "सरक बाजूला."

खड्ड्याच्या काठावर रुताने चटई पसरून ठेवली होती.