विल्माचं मत

"विल्माबाई, बोला! सारं शहर वाट बघतंय," रेडिओवरच्या बेसबॉल कार्यक्रमाचा लेन हार्टुंग म्हणाला. इस्पितळाच्या तळघरात, धुलाई विभागाच्या जेवणाच्या खोलीत उभ्या असलेल्या विल्मा पोकॉर्नीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि दम घेतला.

"हे बघ लेन, अकरा सामन्यांनी मागे आहोत आपण. अकरा! तळाच्याही तळाला. जुलै अर्धा संपला. महिनाअखेरीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपेल, आणि आपले साहेब लोक अजून कागदच चाळतायत."

"मग काय करायचं म्हणता?"

"टोबिनला हात लावायचा नाही. डाव्या हाताने चेंडू फेकणारा असा पिचर दहा वर्षांत एकदा मिळतो. त्याला विकलंत तर मी मालकाच्या दारात खुर्ची टाकून बसेन. लेफ्ट फील्डला जो उभा असतो, त्याला भिंतीची भीती वाटते. त्याला कुणी फुकट नेत असेल तर वर भाडं द्या. आणि तो कॅचर, रेंदोन..."

"हं, आलं! रेंदोनचं काय?"

"पस्तीस वर्षांचा झाला. दहा वेळा बॅट घेऊन जातो, दोनदासुद्धा धड लागत नाही. समोरचे धावपटू त्याच्या नाकासमोरून पळत जाऊन दुसरा बेस चोरतात आणि हा आपला मागे झेलायला बसलेला. अरे, माझ्या गराजमधला जुना फ्रीज त्याच्यापेक्षा जास्त हलतो! कॉम्प्रेसर सुरू झाला की निदान थरथरतो तरी. घुर्रर्र करतो!"

पलीकडे लेन हसता हसता खोकायला लागला. टेबलापाशी सॅंडविच खात बसलेल्या बर्निसच्या तोंडातून कॉफी उडाली.

"अगं बये, मारशील मला एक दिवस," विल्माने फोन ठेवल्यावर बर्निस म्हणाली. "कुठून सुचतं तुला?"

विल्माने खांदे उडवले, पण तिचे गाल लाल झाले होते.

एकोणसाठ वर्षांची ही बाई बत्तीस वर्षं त्याच तळघरात चादरी धूत होती. तिचा नवरा एमिल गेल्याला चार वर्षं झाली होती. तो असताना शहराच्या हेरन्स संघाबद्दलची तिची सगळी मतं तो एकटा ऐकायचा, पोर्चवर बसून, 'हं' म्हणत. तो गेल्यावर पहिला उन्हाळा तिने मतं मनातच ठेवली. दुसऱ्या उन्हाळ्यात, कामाची पाळी संपवून निघताना, तिने सहज रेडिओचा नंबर फिरवला. आता रोज तीन वाजता लेन तिची वाट बघायचा. वाणसामानाच्या दुकानात लोक तिला आवाजावरून ओळखायचे. "तुम्ही त्याच ना?" असं कुणी विचारलं की ती "छे, मी कुठली!" म्हणायची, पण अशा मोठ्याने म्हणायची की खात्री पटावी.

फ्रीजची गोष्ट चार दिवसांत मैदानावर पोचली. ऑक्टाव्हियो रेंदोन बॅट घेऊन आला की वरच्या स्वस्त बाकांवरून आवाज सुरू व्हायचा. घुर्रर्र... मग खालचे लोक तो उचलायचे. अठरा हजार माणसं ओठ मिटून गुरगुरायची. विल्मा तिथेच, तिसऱ्या बेसमागच्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसलेली असायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. हे आपलं, असं तिला वाटलं. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगा.

त्यानंतरच्या सोमवारी वरच्या मजल्यांवर कपडे पोचवणारी बाई सुटीवर गेली, आणि ट्रॉली विल्माकडे आली. चौथ्या मजल्यावर दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा अतिदक्षता विभाग होता. तिथल्या चादरी हातरुमालाएवढ्या. विल्मा त्या कपाटात लावत होती, तेव्हा खिडकीजवळच्या, बाळाला ऊब देणाऱ्या काचपेटीशी एक दांडगा माणूस स्टुलावर वाकून बसलेला तिला दिसला. अंगात इस्पितळाचा पिवळा डगला, तोंडाला मास्क. पेटीच्या गोल भोकातून त्याने हात आत घातला होता. बोटं वेडीवाकडी, सांध्यांपाशी सुजलेली. मधलं बोट तर पार बाहेरच्या बाजूला वळलेलं. आणि त्या वाकड्या बोटाला एका तळहातभर बाळाने धरून ठेवलं होतं.

कॅचरची बोटं विल्माला कळायला वेळ लागला नाही. वीस वर्षं ताशी नव्वद मैलांचे चेंडू झेलल्याशिवाय बोटांची अशी गत होत नाही. हा रेंदोनच.

"बिचारा," परिचारिका हळूच म्हणाली. तिला वाटलं विल्माने ओळखलं नसेल. "मुलगी आहे. दिवस भरायच्या तीन महिने आधी जन्मली. हा पहाटे येतो, दुपारपर्यंत बसतो, मग कामावर जातो. रात्री पुन्हा हजर. झोपतो कधी देव जाणे. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणालाय."

काचपेटीच्या पलीकडे एक सडपातळ बाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

विल्मा ट्रॉली घेऊन खाली आली. बर्निसने विचारलं, "काय गं, चेहरा का असा?" विल्माने चादरींचा ढीग पुढे ओढला. रुग्णाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही हा इस्पितळाचा नियम होता, आणि बत्तीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. चादरी घडी करता करता तिने मनाशी ठरवलं की आज फोन करायचा तो फक्त एवढं सांगायला, की पुरे झालं ते गुरगुरणं.

तीन वाजता लेन म्हणाला, "विल्माबाई, काल मैदानावर ऐकलंत ना? तुमचा फ्रीज! बोला, कितीला काढायचा?"

"जाऊ दे रे लेन," विल्मा म्हणाली. "माणूस आहे. असेल काही अडचण. घरी काय चाललंय आपल्याला काय ठाऊक? आता ते बंद करू या."

 

"मंडळी, विल्मा पोकॉर्नी मऊ पडल्या!" लेन ओरडला. "कोण आहात हो तुम्ही? आमच्या विल्माबाईंना कुठे लपवलंत?"

त्याच्या मागे स्टुडिओतली माणसं हसत होती. ते हसू तिच्या बोलण्यावर नव्हतं, तिच्यावर होतं. हा फरक विल्माला लगेच कळला आणि सहन झाला नाही.

"मऊ? मी?" ती म्हणाली. "अरे, फ्रीज विकायचा म्हणतोस, पण आतला बर्फ बघितलास का? गिऱ्हाईक दार उघडेल आणि तसंच लावून पळत सुटेल! आधी गरम पाणी ओता त्याच्यावर!"

मग सगळे हसले, नेहमीसारखे. बर्निसही हसली. विल्माने रिसीव्हर ठेवला. कान तापला होता. ती उगाच नळाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पण गुरगुर थांबली नाही. ती आता विल्माची राहिली नव्हती. मैदानावर ती आपल्या जागेवर मान खाली घालून बसायची. एकदा शेजारचा गृहस्थ तिला कोपराने ढोसून म्हणाला, "करा की, बाई! सुरुवात तुम्हीच केलीत." ती पाचव्या डावात उठून घरी गेली. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी बातमी आली. हेरन्सने कॅचर ऑक्टाव्हियो रेंदोनला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघाला दिलं, आणि बदल्यात दोन तरुण पिचर घेतले. लुंडग्रेन नावाचा बावीस वर्षांचा कॅचर खालच्या संघातून वर येणार होता. विल्मा जूनपासून म्हणत होती अगदी तसंच. टोबिनला हात लागला नव्हता.

"जिंकलीस गं!" बर्निसने टाळीसाठी हात पुढे केला. विल्माने टाळी दिली नाही. विमानाने पाच तास, असा हिशेब ती मनात करत होती. बाळ एवढ्यात हलवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोरच तो उभा होता. पायाशी मोठी पिशवी, अंगात कोट. दाराला पाठ करून तो काचेतून आत बघत होता.

"जरा बाजूला व्हा, ट्रॉली येतेय," विल्मा सवयीने म्हणाली.

तो वळला नाही लगेच. मान थोडी तिरपी केली, जसं कुणी ओळखीचा सूर ऐकून करतं. मग वळून त्याने तिच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला.

"मैदानावर जाताना मी गाडीत रेडिओ लावतो," तो म्हणाला. "रोज तीनला."

"मीच ती," ती म्हणाली. "मला माफ करा. ह्याच्याबद्दल... बाळाबद्दल मला आधी ठाऊक नव्हतं." आणि मग, सगळं खरं सांगायचं म्हणून, "मग कळलं. कळल्यावरही मी बोलले."

"तो बर्फाचा?"

"हो."

तो काचेकडे बघत राहिला. "तुमचं म्हणणं चूक नव्हतं, बाई. बॅटला चेंडू लागत नव्हताच. त्या आवाजाचंही मला काही नाही. ह्या पेटीची मोटार तस्साच आवाज करते. मैदानावर तो सुरू झाला की मला वाटायचं, पेटी चालू आहे, म्हणजे ती ठीक आहे." त्याने नाक ओढलं. "बायकोला मात्र लागलं. ती एकदाच आली होती सामन्याला."



"तुम्ही इथे रोज असता?" त्याने विचारलं.

"आठवड्याचे पाच दिवस."

"तिला, यारित्झाला, इंग्रजी फारसं येत नाही. ती जेवायचं विसरते. मी असलो की ओढून नेतो. दुपारी एकदा तिला खाली घेऊन जाल? ती नको म्हणेल. तरी न्या." त्याने पिशवी खांद्याला लावली. "माझं विमान दहाचं आहे."

ट्रॉली पोचवणारी बाई सुटीवरून परत आली तेव्हा विल्माने तिच्याकडून चौथा मजला मागून घेतला. रोज बारा वाजता ती काचपेटीशी जायची आणि घास उचलल्यासारखी खूण करायची. यारित्झा नको म्हणून मान हलवायची, विल्मा तिचा दंड धरायची. खाली उपाहारगृहात दोघी समोरासमोर बसायच्या. यारित्झाला भात आणि घेवड्याच्या बिया आवडायच्या. तिथे मिळायच्या त्यांना चव नसायची, म्हणून विल्मा घरून डब्यात आणायला लागली. पहिल्या दिवशीच्या बिया कच्च्याच राहिल्या होत्या. तरी यारित्झाने त्या संपवल्या. ती विल्माला 'दोन्या' म्हणायची, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बाई'. सांगायची, "आज वीस ग्रॅम वाढली." "आज नळी काढली." "आज बाटलीने प्याली, दोन्या विल्मा, सगळी!" हे सगळं ऑक्टाव्हियो टेलिफोनवर ऐकत होता, हजारो मैलांवरून. नळी काढताना विल्मा तिथे होती आणि बाप नव्हता. त्या दिवशी तिने आपला डबा तसाच घरी परत नेला.

खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं. रोज ती उद्यावर ढकलायची. ह्या बाईने आपल्या हातचा डबा खाणं थांबवलं तर, ही भीती तिला होती.

तिकडे लुंडग्रेन तडाखेबंद खेळत होता. ऑगस्टमध्ये हेरन्स तळातून वर सरकले. "विल्माबाई, कुठे आहात?" लेन रेडिओवर हाका मारायचा. "तुमचं खरं झालं! एकदा येऊन फुशारकी तरी मारून जा!" बर्निस रेडिओचा आवाज वाढवून विल्माकडे बघायची. विल्मा उशांचे अभ्रे उलटे करत राहायची.

"भांडलीस का त्याच्याशी?" बर्निसने एकदा विचारलं.

"नाही गं. माझं बोलून झालं," विल्मा म्हणाली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाळाला घरी न्यायची परवानगी मिळाली. घर म्हणजे आता पश्चिमेचं, यारित्झाने कधी न पाहिलेलं. तिची बहीण न्यायला आली होती आणि खाली टॅक्सी थांबली होती. कागदांवर सह्या करायला जाताना यारित्झाने बाळ विल्माच्या हातात दिलं. त्याला आता नळी नव्हती, तार नव्हती. झोपेत ओठ तेवढे हलत होते.

सह्या करून यारित्झा परत आली तेव्हा विल्मा म्हणाली, "मला काही सांगायचंय. तो फ्रीज... रेडिओवर..."

"माहीत आहे," यारित्झा म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तो विमानतळावरून बोलला मला." ती इंग्रजी शब्द जुळवत थांबली. "म्हणाला, ती बाई येईल. तिच्याबरोबर जेव."

"आणि तू आलीस?"

"आधी राग आला. फार. मग बिया आणल्या तुम्ही. कच्च्या." ती किंचित हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. "राग अजून आहे, दोन्या विल्मा. थोडा."

विल्माने मान हलवली. बाळ तिच्या हातातून आईच्या हातात गेलं. यारित्झाने तिच्या गालाला गाल लावला, बहिणीने पिशव्या उचलल्या, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

मोकळ्या झालेल्या पाळण्यापाशी पुढच्या बाळाची तयारी करायची होती. विल्माने ती हातरुमालाएवढी चादर उचलली. मधोमध ती अजून कोमट होती. तिने ती चारी कोपरे आत घेऊन घडी केली, धुवायच्या कपड्यांची घडी कुणी करत नाही तरी, आणि ट्रॉलीत सगळ्यांत वर ठेवली.