दलदलीतून आणलेली गुढी

यावर विश्वास तुमच्यापैकी एकही ठेवणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तरी पानं वाढेपर्यंत ऐका.

आयर्लंडमध्ये ॲथलोनला आमच्या मकरंदच्या घरामागे दलदल आहे. तिथे डॉगवुड म्हणून तिकडचंच रानझुडूप उगवतं. थंडीत पानं झडली की काड्या अशा लालभडक होतात, जणू चिखलातून कुणी बोटं वर काढली आहेत. पाडव्यालाच बर्फ पडला ना, त्या वर्षीची गोष्ट. मकरंद कामाला कॉर्कला गेलेला आणि गुढीला काठी नाही. मी त्यातलीच एक उंच काडी तोडून आणली. शेजारची नोरीन कुंपणावरून म्हणाली, मी असते तर ती घराकडे नेली नसती. मी आपलं तिकडच्यासारखं ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ठीक आहे, म्हटलं आणि पुढे झालो.

बादलीत ओली माती भरून दारात गुढी उभी केली. कडुनिंबाच्या जागी कढीपत्ता. हळदकुंकू वाहिलं, पाणी घातलं, हात जोडले. चूक झाली ती इथे. पूजा करणं म्हणजे बोलावणं. आणि बोलावलं, ते आलं.

दुपारी मुळांनी बादली फोडली. वारा नव्हता, तरी कढीपत्ता सळसळत होता. मागच्या हिरवळीतून लाल टोकं वर येत होती, सगळी घराच्या दिशेने. मागच्या दाराखालून काळं पाणी आत सरकलं. आत खुर्चीत आमची सुमित्रा, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिला उठवेना, मला उचलवेना. उपाय एकच. दिवस मावळायच्या आत गुढी उतरवायची आणि काठी जिथली तिथे पोचवायची.

करवतीने काठी कापली आणि दलदलीत शिरलो. कमरेपर्यंत रुतलो. अक्षता टाकून काठीला म्हणालो, बाई, आता परत जा. तांदूळ पाण्यावर तसेच तरंगत राहिले. एक काडी मनगटाभोवती वळली, मग दुसरी. वळून पाहतो तो घराच्या काचेवर लाल फांद्या चढलेल्या, आणि आत सुमित्राची खुर्ची हळूहळू कलंडत...

ओट्याशी पापड तळणाऱ्या सुमित्राने मागे वळूनही पाहिलं नाही.

“अहो, त्या पाडव्याला आपण दोघं नागपुरात होतो. गुढी फोनवर पाहिली. आणि माझ्या गुडघ्याला आजवर डॉक्टरचा हात लागलेला नाही.”