आखूड फलाट

"मागच्यांनो, पुढच्या डब्यांत या हो, फलाट आखूड आहे!"

बापाची ही हाक लेकीच्या कानांत अजून राहिली होती. बाप याच स्टेशनावर झेंडी दाखवायचा. कागदाचा कारखाना जोरात होता तेव्हा गाडी चार डब्यांची, म्हणून फलाटही तेवढाच बांधलेला. पुढे गाडी लांबली, कारखाना बुडाला, मग फलाटाकडे कोण बघतंय? मागच्या डब्यांच्या दारांखाली नुसता खडीचा उतार. इथली माणसं आधीच पुढे येऊन बसत. परका मागे अडके आणि पुढच्या स्टेशनावरून रुळांच्या कडेनं शिव्या घालत चालत येई.

बापाशी भांडून दादा घर सोडून गेला. पुढे बापही वारला. लेक तिकीट-खिडकीत बसू लागली, आणि आई खिडकीसमोरच्या बाकावर. रोज संध्याकाळी गाडी येई, जाई. आई म्हणे, "विसरला असेल गं फलाट. मागे बसला असेल." येणारेजाणारे थट्टा करत, काय आजी, आजही मागेच का? आई हसे. लेक खाली मान घालून तिकिटं देई.

उद्यापासून हे स्टेशन बंद. गाडी ओढ्यापलीकडच्या नव्या स्टेशनावर थांबणार होती. लोकांचे चेहरे उतरले होते, आई मात्र खुशीत. नवा फलाट म्हणे गाडीएवढा लांब.

"आता बसू दे त्याला कुठंही," ती म्हणाली. "उतरेलच. मला तिथवर नेशील ना रोज?"

आईचे गुडघे गेलेले. घरचे दोन जिने उतरतानाच तिचा जीव मेटाकुटीला येई. लेकीला तो नवा बाक दिसला, नवा पत्रा, आणि त्याखाली हीच वाट बघणं, जुन्याहून लांब.

शेवटची गाडी आली. चार-दोन माणसं उतरली. गाडी गेली.

"मागे होता बहुतेक," आई म्हणाली.

लेकीनं खिडकीची फळी लावली. बाहेर येऊन ती आईशेजारी बसली. बाक थंडगार पडला होता.

"आई, बाबा गेले त्या वर्षी दादा आला होता. पुढच्याच डब्यात. दारात उभा होता, तुझ्यासमोर. तू मागच्या डब्यांकडे बघत होतीस."

आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "मग?"

"गाडी हलेपर्यंत तुझ्याकडे बघत होता. उतरला नाही, आई."