याकुमीचा कडा

मी मूर्गो बोलतोय, या बेटावरचं सर्वांत इमानदार गाढव. मालकाचं गुपित माझ्या पोटातून आजवर कुणी काढू शकलेलं नाही. म्हणजे, कलिंगडाची फोड दाखवून कुणी विचारलंच नव्हतं.

जन्मलो खळ्यावर. शिक्षणही झालंय हो! शाळेच्या खिडकीखाली बांधलेला असायचो. पण पोरं तीनच्या पाढ्याला लागली आणि म्हाताऱ्या याकुमीने मला विकत घेतलं. पुढचं शिक्षण त्याच्याकडे, म्हणजे नुसत्या थापा.

दर उन्हाळ्यात तो मला घेऊन केपर नावाच्या काटेरी झुडपाच्या कळ्या खुडायला जायचा; त्या मिठात मुरवून बरणीत भरतात, भाजीसाठी. उजाडताच निघायचा, दिवेलागणीला परतायचा. अंगणात पाय टाकताच कंबर धरून कण्हायचा, "काय सांगू, झाम्पेता! कडा म्हणजे कडा! खाली समुद्र आ वासून बसलेला!" बायको बिचारी त्याचे पाय चेपायची, फाटकी विजार शिवायची. जागा मात्र त्याने तिलाही सांगितली नाही. आमच्याकडचे पुरुष पाद्र्याला पापं सांगतील, पण केपरची जागा सांगायचे नाहीत.

यंदा त्याचा पाय मुरगळला. जत्रा तोंडावर आलेली. गावजेवणात केपरची भाजी झाम्पेताच्याच हातची लागते, आणि घरातली बरणी तर रिकामी.

"जागा सांग, मी जाते."

"तुला जमायचं नाही. बाईमाणसाचं काम नव्हे ते."

"मग यंदा भाजी शेजारणीने न्यायची?"

"नेऊ दे की!"

झाम्पेता पहाटे माझ्यापुढे येऊन उभी राहिली ती कलिंगडाची फोड घेऊन.

मी इमानेइतबारे निघालो आणि पहिल्याच वळणावर, एका ओसाड शेताच्या दगडी गडग्याशी थांबलो.

"चल रे आळश्या! इथून अजून आपलं धुराडं दिसतंय!"

मी हललो नाही. तिने काठी टोचली. बरं बाई! म्हटलं, मग याकुमीचा अख्खा दिवसच दाखवतो तुला.

पवनचक्कीपाशी थांबलो. तिथला म्हातारा ओरडला, "याकुमी कुठाय? सोंगट्या मांडून बसलोय केव्हाचा!" झाम्पेताच्या भुवया चढल्या. मठात थांबलो, तर साधूबुवांनी सवयीने वाइनचे दोन पेले भरले. मग डोंगर उतरून पलीकडच्या किनाऱ्यावर, अंजिराच्या सावलीत. तिथे याकुमीची चटई आणि उशी!

झाम्पेता या बेटावरच जन्मली, पण विहीर, शेत आणि चर्च सोडून कुठे गेलीच नव्हती. तिने काळे बूट भिरकावले, घागरा खोचला आणि गुडघाभर पाण्यात शिरली. माझ्यावर पाणी उडवत म्हणाली, "मूर्गो, हे सगळं आमचंच होतं होय रे?" मग भाकरी आणि ऑलिव्ह खाऊन नवऱ्याच्या उशीवर घोरलीसुद्धा.

परतताना मी पुन्हा त्याच गडग्याशी अडलो. या वेळी तिने वळून पाहिलं. दगडांच्या फटींतून काटेरी झुडपं लोंबत होती, कळ्यांनी लगडलेली. ती गडग्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही सूर लावला. उन्हं उतरायच्या आत पिशवी भरली. मग तिने मुद्दाम काट्यात अडकवून घागरा टर्रकन फाडला.

आता माझे दात पडलेत, एकच मागणं उरलंय. गाढव अडलं, तर काठी उगारण्याआधी जरा बाजूला बघत चला.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात शिरताच याकुमी खाटेवर ताडकन उठून बसला. पिशवी पाहून त्याचा चेहरा पडला.

"सापडली... जागा?"

झाम्पेता कंबर धरून कण्हत टेकली आणि दोन्ही पाय त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "काय सांगू, याकुमी! कडा म्हणजे कडा! चेप जरा. उद्या परत जायचंय."